पंक ट्रिब्यूट सिंगल विकताना: कोल्हापुरातल्या नवख्या संग्राहकांसाठी

आपल्या संग्रहातली एखादी सात इंची पंक ट्रिब्यूट सिंगल, म्हणजे एखाद्या पंक रॉक बँडला मानवंदना म्हणून काढलेली छोटी रेकॉर्ड, विकायची ठरली, की नवखा विक्रेता बहुधा एकच गोष्ट करतो: ज्या बँडला मानवंदना दिलेली आहे त्या बँडचे नाव ठळक लिहितो, कव्हरचा एक फोटो टाकतो आणि गिऱ्हाइकाची वाट पाहतो. त्यामुळे नको ते गिऱ्हाईक येते आणि हव्या त्या गिऱ्हाइकाला ती रेकॉर्ड सापडतच नाही. ट्रिब्यूट सिंगलवर मूळ बँड वाजवत नसतो. त्याची गाणी दुसऱ्याच बँडनी वाजवलेली असतात, आणि ती घेणारा माणूस बहुतेक वेळा त्या दुसऱ्या बँडचा, रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या लेबलचा (म्हणजे कंपनीचा) किंवा नेमक्या त्याच आवृत्तीचा चाहता असतो. मूळ बँडच्या नावाला भुलून कोणी पैसे दिलेच, तर रेकॉर्ड हातात पडल्यावर तो ती परत करणार हे नक्की. म्हणून ही सारी विक्री नेमक्या वर्णनावर उभी राहते, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या वर्णनाच्या तयारीच्याच आहेत.

कोल्हापुरात रेकॉर्डचे संग्रह नवे नाहीत. नाट्यसंगीत, अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतले गायन आणि जुनी चित्रपटगीते यांच्या तबकड्या कितीतरी घरांत जपून ठेवलेल्या आहेत आणि त्यांचे भाव जाणणारी माणसेही शहरात आहेत. पंकच्या सिंगल मात्र आपल्याकडे मोजक्याच घरांत सापडतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी राहिलेल्यांनी त्या आणलेल्या असतात, नाहीतर हौशी मुलांनी टपालाने मागवलेल्या असतात. त्यामुळे त्यांची पारख शेजारीपाजारी होत नाही. ती आपली आपणच शिकावी लागते.

हातात नेमके काय आहे ते ओळखावे

प्रथम तबकडी कव्हरमधून काढून, कडेला आणि मधल्या कागदी लेबललाच बोटे लागतील अशी धरावी. सात इंची तबकडीचा व्यास सुमारे १७.८ सेंटीमीटर असतो आणि ती साधारणपणे मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजते. पण पंकमध्ये एका बाजूला दोनतीन छोटी गाणी बसवलेल्या आणि ३३⅓ फेऱ्यांवर वाजणाऱ्या सात इंची रेकॉर्डही पुष्कळ निघाल्या, म्हणून वेग लेबलवर वाचूनच लिहावा. मधले छिद्र मोठे आहे की लहान, हेही नोंदवावे. अमेरिकन सिंगलना बहुधा मोठे छिद्र असते आणि घेणाऱ्याकडे त्यासाठीचा अ‍ॅडॅप्टर नसेल तर रेकॉर्ड नीट बसत नाही.

त्यानंतर लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवावा: रेकॉर्ड काढणाऱ्या लेबलचे नाव, कॅटलॉग क्रमांक (कंपनीने त्या रेकॉर्डला दिलेला), दोन्ही बाजूंच्या बँडची आणि गाण्यांची नावे, देश, वर्ष. वर्तुळातल्या ‘पी’ या खुणेपुढचे वर्ष हे ध्वनिमुद्रणाच्या हक्काचे असते. ही विशिष्ट तबकडी त्याच वर्षी छापली गेली असे त्यावरून म्हणता येत नाही.

छपाईचा खरा पुरावा गाणे संपल्यानंतरच्या आणि लेबलच्या आधीच्या गुळगुळीत पट्ट्यात असतो. तबकडी तिरपी धरून टेबललॅम्पच्या उजेडात हळूहळू फिरवली, की तिथे हाताने कोरलेली किंवा ठशाने उठवलेली अक्षरे व आकडे दिसू लागतात. यालाच मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. काही अक्षरे एकाच कोनातून दिसतात आणि लगेच नाहीशी होतात, म्हणून घाई करू नये. साधे भिंग घेतले तर काम सोपे होते. छपाईसाठीच्या मूळ तबकडीवर खोबणी कोरणारे तंत्रज्ञ तिथे स्वतःची खूणही सोडून जात असत. जॉर्ज पेकहॅम या ब्रिटिश तंत्रज्ञाची ‘अ पॉर्की प्राइम कट’ ही कोरीव ओळ संग्राहकांमध्ये प्रसिद्धच आहे. पंक आणि स्वतंत्र लेबलांच्या सिंगलवर अशा पट्ट्यात एखादे छोटे वाक्य किंवा थट्टाही कोरलेली आढळते, आणि तीच पुढे आवृत्ती ओळखण्याची खूण ठरते. दोन्ही बाजूंचा हा मजकूर रेघ, टिंब, खाडाखोडीसकट उतरवावा.

एवढा खटाटोप कशासाठी, हे पंकच्या इतिहासातल्या एका उदाहरणावरून कळते. सेक्स पिस्टल्स या बँडशी ए अँड एम कंपनीने मार्च १९७७ मध्ये करार केला आणि आठवड्याभरात तो मोडला. तोवर छापलेल्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’च्या सिंगल जवळजवळ सगळ्या नष्ट करण्यात आल्या. तेच गाणे मे १९७७ मध्ये व्हर्जिन या दुसऱ्या कंपनीने काढले आणि ते अमाप खपले. आज व्हर्जिनची प्रत सहज मिळते, तर ए अँड एमची एखादी वाचलेली प्रत हजारो पौंडांना जाते. गाणे एकच, बँडही तोच, तरी लेबल आणि आवृत्ती बदलल्यामुळे किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडला. ट्रिब्यूट सिंगलच्या बाबतीत आकडे लहान असतात, पण हिशेब हाच असतो. छोट्या लेबलांनी काहीशे प्रती काढलेल्या असतात, त्यांतल्या थोड्या रंगीत असतात, काहींवर हाताने क्रमांक घातलेला असतो, आत घडीचा कागद, स्टिकर किंवा गाण्यांचे शब्द असतात. यांतले आपल्या प्रतीत काय आहे आणि काय हरवले आहे, दोन्ही लिहावे.

एक गोष्ट आणखी तपासून घ्यावी. ट्रिब्यूटच्या नावाखाली मूळ बँडचेच चोरून केलेले मैफलीतले ध्वनिमुद्रण छापलेल्या अनधिकृत रेकॉर्डही बाजारात आहेत. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या जागतिक सूचीत अशा नोंदींवर ‘अनऑफिशियल’ असा शेरा असतो आणि तिथे त्या विकायला परवानगी नसते. आपली प्रत त्यात मोडत असेल तर ती संग्रहातच राहू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सफाई, तीही बेताची

आपल्याकडचा पावसाळा कव्हरच्या जिवावर उठतो. तपकिरी ठिपके, बुरशीचा वास, कसरीने कुरतडलेल्या कडा या कोल्हापुरातल्या संग्रहाच्या नेहमीच्या तक्रारी आहेत, आणि त्यावर उपाय म्हणून कपाटात टाकलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास कागदात असा मुरतो, की घेणारा पाकीट उघडताच तक्रार करतो. कव्हर सावलीत, पंख्याखाली, आडवे पसरून काही दिवस ठेवावे. गाद्या-कपड्यांना ऊन दाखवण्याची आपली पद्धत रेकॉर्डला मुळीच लागू करू नये. उन्हाने तबकडी वाकते आणि कव्हरचा रंग उडतो. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत ठेवलेली रेकॉर्ड दुपारपर्यंत कामातून जाऊ शकते.

तबकडीवरची धूळ आधी मऊ कार्बन-फायबरच्या ब्रशने काढावी. तेवढ्याने भागले नाही तर डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. बॅटरीच्या दुकानात मिळते तेच चालते; मात्र बाटली सीलबंद असावी आणि तिच्यावर पाणी असेच लिहिलेले असावे, कारण त्याच फळीवर अ‍ॅसिडच्याही बाटल्या असतात. पाण्यात बिनवासाच्या लिक्विड साबणाचा एखादा थेंब टाकून, मायक्रोफायबरच्या कापडाने खोबणींच्या दिशेने, गोलाकार पुसावे, मग नुसत्या पाण्याने पुसून सावलीत उभी वाळवावी. लेबल भिजता कामा नये. नळाचे पाणी वापरू नये, त्यातले क्षार खोबणीत बसतात. जुन्या दुकानाचा किमतीचा स्टिकर कव्हरवर असेल तर तो नखाने खरवडू नये. स्टिकर असलेले कव्हर फाटलेल्या कव्हरपेक्षा केव्हाही बरे, आणि पुष्कळ संग्राहकांना तो स्टिकर आवडतोही. रेकॉर्ड पीव्हीसीच्या प्लॅस्टिकमध्ये बरीच वर्षे राहिली असेल तर पृष्ठभागावर धुरकट थर आलेला असतो, तो सहसा पुसून जात नाही. त्याचा उल्लेख वर्णनात करावा आणि पुढे पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे वापरावीत.

अवस्था ठरवणे

जगभर रेकॉर्डच्या अवस्थेसाठी गोल्डमाइन या अमेरिकन नियतकालिकाची श्रेणी वापरतात: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड आणि त्याखालच्या. ही नावे ऐकून नवखा माणूस फसतो, कारण रोजच्या बोलण्यात ‘गुड’ म्हणजे चांगले, तर इथे गुड म्हणजे खरखर करत का होईना, उडी न मारता शेवटपर्यंत वाजणारी रेकॉर्ड. मिंट हा शब्द वापरूच नये. एकदा वाजवलेली रेकॉर्ड मिंट राहत नाही, आणि जाणते विक्रेतेही निअर मिंटच्या वर सहसा जात नाहीत. हलक्या, नखाला न जाणवणाऱ्या आणि आवाजावर फारसा परिणाम न करणाऱ्या खुणा असतील तर व्हेरी गुड प्लस. चरा नखाला लागत असेल आणि शांत जागी खरखर ऐकू येत असेल तर व्हेरी गुड. तबकडी आणि कव्हर यांची श्रेणी वेगवेगळी द्यावी.

नुसत्या डोळ्यांनी पाहून श्रेणी देऊ नये, रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवावी. पंकमध्ये एक अडचण असते: गिटार आणि ड्रमचा आवाज इतका भरलेला असतो की बारीक टिकटिक त्याखाली झाकून जाते. म्हणून सुई टेकल्यापासून पहिला सूर येईपर्यंतची जागा, दोन गाण्यांमधला थांबा आणि गाणे संपतानाचे काही क्षण हेडफोन लावून ऐकावेत. खरी अवस्था तिथेच कळते. जुन्या फिएस्टा रेकॉर्ड-प्लेअरसारख्या किंवा हल्लीच्या स्वस्त सुटकेस-प्लेअरवर ही चाचणी करू नये, त्यांची जड सुई एका वाजवण्यातही खोबणीचे नुकसान करू शकते. घरी चांगला टर्नटेबल नसेल तर ज्याच्याकडे आहे अशा ओळखीच्या संग्राहकाकडे जावे. कोल्हापुरातली जुन्या गाण्यांची हौशी मंडळी यात मनापासून मदत करतात. संगीत त्यांच्या आवडीचे नसले तरी यंत्राची आणि तबकडीची काळजी त्यांना सारखीच असते.

किंमत

डिस्कॉग्सवर आपल्या मॅट्रिक्स क्रमांकाशी जुळणारी नोंद शोधावी. एकाच सिंगलच्या काळ्या, रंगीत, पहिल्या, दुसऱ्या छपाईच्या नोंदी वेगळ्या असतात, आणि शेजारच्या नोंदीची किंमत आपल्या प्रतीला लावली की सगळे गणित चुकते. नोंद सापडली की विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती बाजूला ठेवून आजवर प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे पाहावेत: सर्वांत कमी, मधली आणि सर्वांत जास्त किंमत, आणि शेवटची विक्री केव्हा झाली ती तारीख. शेवटची विक्री खूप जुनी असेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नये.

गोल्डमाइनच्या ढोबळ हिशेबात व्हेरी गुड प्लस रेकॉर्डला निअर मिंटच्या साधारण निम्मी आणि व्हेरी गुडला पाव किंमत धरतात. समजा, निअर मिंट प्रत २,००० रुपयांना जात असेल तर नखाला लागणारा चरा असलेल्या प्रतीचे ५०० च्या आसपास यावेत. हे ऐकून वाईट वाटते, तरी ते मान्य करावे. याउलट एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: भारतातल्या गिऱ्हाइकाने तीच सिंगल युरोप-अमेरिकेतून मागवली तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून पुष्कळदा रेकॉर्डपेक्षा आणणावळच जास्त होते. म्हणून परदेशातल्या किमतीपेक्षा थोडे जास्त मागणे गैर नाही, मात्र त्याला घरपोच पडणाऱ्या एकूण रकमेपेक्षा आपली किंमत स्पष्टपणे कमी असावी.

कुठे विकावी

महाद्वार रोड किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजूला जुन्या वस्तू घेणाऱ्याकडे ही सिंगल नेली, तर “मालक, ह्याला हितं कोण घेतंय?” हेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. तो ढिगाच्या भावाने घेईल. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईच्या चोरबाजारातली रेकॉर्डची दुकाने इथे इंग्रजी संगीताची थोडी अधिक जाण असते, तरी व्यापारी आपला नफा ठेवूनच भाव देणार. घाई नसेल तर थेट संग्राहकाला विकणे केव्हाही चांगले. भारतातल्या रेकॉर्ड संग्राहकांचे गट समाजमाध्यमांवर आहेत. तिथे आधी काही दिवस नुसते वाचावे, कोण काय शोधतो ते पाहावे आणि मग आपली रेकॉर्ड मांडावी.

परदेशी विक्रीचा मोह पहिल्याच वेळी टाळावा, असे मी सुचवीन. विक्रीसाठी बाहेर पाठवलेली वस्तू ही निर्यात असते. व्यापारी निर्यातीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड लागतो आणि पाकिटावर सीमाशुल्काचे घोषणापत्र लावावे लागते. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवर परदेशातून पैसे घेता येतात, पण १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात त्याने देवघेव होत नाही, हेही लक्षात असावे. देशातल्या दोनचार विक्री सुरळीत झाल्या की मग त्या वाटेला जावे.

वर्णन आणि फोटो

वर्णन असे असावे की वाचणाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागू नये. उदाहरणादाखल एक नमुना देतो:

“सात इंची सिंगल, ४५ फेरे, लहान छिद्र. दोन बँडनी एकेका बाजूला वाजवलेली ट्रिब्यूट. मूळ बँड या रेकॉर्डवर नाही. पांढरी तबकडी, कव्हरवर हाताने घातलेला क्रमांक, आतला छापील कागद सोबत आहे. रेकॉर्ड व्हेरी गुड प्लस: दुसऱ्या बाजूला सुरुवातीला केसासारखा एक चरा, नखाला लागत नाही, पहिले काही फेरे हलकी टिकटिक, उडी मारत नाही. कव्हर व्हेरी गुड: वरच्या उजव्या कोपऱ्याला मुरड, मागे बॉलपेनने लिहिलेले नाव. बुरशी नाही, वास नाही. दोन्ही बाजू पूर्ण वाजवून पाहिल्या आहेत.”

‘मूळ बँड या रेकॉर्डवर नाही’ हे वाक्य कधीही गाळू नये. शीर्षकातही आधी वाजवणाऱ्या बँडची नावे, मग लेबल व कॅटलॉग क्रमांक, आणि शेवटी कोणाला मानवंदना ते लिहावे. फोटो सकाळच्या उजेडात, व्हरांड्यात किंवा खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता काढावेत: कव्हर पुढून-मागून, दोन्ही लेबले, मॅट्रिक्सचा पट्टा, आतला कागद, आणि प्रत्येक दोष जवळून. चरा दिसावा म्हणून तबकडीचा एक फोटो एकाच दिव्याखाली तिरका घ्यावा.

पैसे घेताना

“लास्ट किती?” हा पहिला निरोप येणारच. आपली शेवटची किंमत मनात आधीच ठरवलेली असावी, आणि ती नम्रपणे, एकदाच सांगावी. यूपीआयने पैसे घेताना एवढे ध्यानात ठेवावे, की पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि कोणताही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. जो असे करायला सांगतो, तो लष्करात असल्याचे सांगो की बँकेत, त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवावा. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नये, आपल्या खात्यात रक्कम दिसली की मगच पाकीट बांधायला घ्यावे.

पॅकिंग आणि टपाल

इथे कंजुषी केली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. तबकडी आतल्या साध्या पाकिटात घालून कव्हरच्या बाहेर, मागच्या बाजूला ठेवावी. ती कव्हरमध्येच राहिली तर वाटेतल्या हिसक्यांनी कडेने कव्हर फाडते. दोन्ही मिळून एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालावीत. मग नालीदार पुठ्ठ्याचे दोन चौकोन कापावेत, कव्हरपेक्षा सर्व बाजूंनी दोनतीन सेंटीमीटर मोठे, आणि एकाच्या नाल्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या येतील असे. त्यामुळे पाकीट कोणत्याच दिशेने वाकत नाही. रेकॉर्ड त्यांच्यामध्ये ठेवून चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्याला लावावी. मिठाईचे, गुळाचे किंवा किराण्याचे खोके वापरू नयेत, वासाबरोबर मुंग्याही येतात. बाहेरून जाड प्लॅस्टिकचा एक थर हवाच. ‘रेकॉर्ड आहे, वाकवू नये’ असे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहावे.

स्पीड पोस्टने पाठवावे आणि ट्रॅकिंग क्रमांक त्याच दिवशी कळवावा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी पाहूनच तारीख द्यावी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक ठप्प झाली होती, आणि अशा वेळी टपालाच्या गोणीत अडकलेल्या पाकिटाचे काय होईल ते सांगता येत नाही. घेणाऱ्याला तसे मोकळेपणाने कळवले तर तो आठवडाभर आनंदाने थांबतो.

पाकीट पोहोचल्यावर तक्रार आली तर वाद घालू नये. उघडतानाचे फोटो आणि वाजतानाची छोटी चित्रफीत मागावी, आपल्या वर्णनाशी ताडून पाहावी, आणि दोष आपल्या वर्णनात खरोखरच आला नसेल तर रेकॉर्ड परत घेऊन टपालखर्चासह पैसे द्यावेत. सगळे ठीक असेल तर मॅट्रिक्स क्रमांक, मिळालेली किंमत आणि तारीख आपल्या वहीत लिहावी आणि ज्या ज्या ठिकाणी ही सिंगल मांडली होती तिथून ती त्याच दिवशी काढून टाकावी, म्हणजे दुसरे कोणी तिचे पैसे पाठवणार नाही.